गाडी आबांची, पाना आपला

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची गाडी बंद पडली की आपल्याकडे दोनच उपाय सुचवले जातात. पहिला उपाय, "आता विकून टाका ती!" आणि दुसरा, "तुम्ही हात लावू नका, मी कुणाला तरी पाठवतो." पहिला उपाय पुण्या-मुंबईत बसलेले काका-मामा सुचवतात. दुसरा आपण सुचवतो, होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये मोबाईल कानाला लावून, मेसची वेळ संपत आलेली असताना. दोन्हींमध्ये प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. पण गाडी ज्याची आहे त्या माणसाला दोन्ही उपायांत बाजूला बसवलेलं असतं. मला एक तिसरा उपाय मांडायचा आहे. बहुतेकांना तो वेळखाऊ वाटेल, पण माझ्या मते खरी मदत तीच.

आमचं गाव शहागड. जालना जिल्हा, अंबड तालुका, गोदावरीचा काठ. सोलापूर-धुळे रस्ता, म्हणजे पूर्वीचा २११ आणि आताचा ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, गावाला लागूनच जातो. नदीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू. बीडहून छत्रपती संभाजीनगरला जाताना तुमच्यापैकी अनेकांनी आमचं गाव एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल आणि लगेच विसरलंही असेल! माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, आजीसोबत तिथेच राहतात. वय ७६, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्याकडे २००८ सालची, एमएच २१ पासिंगची मारुती ८०० आहे.

ही गाडी देशात आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी घरांची ती पहिली चारचाकी होती. आबांच्या गाडीला २०२३ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ती मोडीत काढायचं घरात सगळ्यांनी जवळपास ठरवलं होतं. आबा काही बोलले नाहीत. एक दिवस गुपचूप आरटीओत गेले, तपासणी करून घेतली आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढवून आणली. या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झालेली आहे. ते पाच हजार त्यांनी पेन्शनमधून भरले. शब्दांपेक्षा ही पावती मला जास्त बोलकी वाटली.

आता तुम्ही म्हणाल, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, मग गाडीचा एवढा हट्ट कशाला? मुद्दा चुकीचा नाही. आबा एसटीने जातातही, संभाजीनगरला जायचं असेल तर आवर्जून. पण एसटी स्टँडपासून स्टँडपर्यंत नेते. घरापासून स्टँड आणि तिथून दवाखाना हे अंतर आजीच्या गुडघ्यांना विचारा! मे महिन्यात दुपारी दोन वाजता फाट्यावर उभं राहून बघा. आणि २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला, एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला एसटीचा संप आठवून बघा. त्या दिवसांत आमच्या गल्लीतली एक बाळंतीण आणि एक मोतीबिंदूचं ऑपरेशन आबांच्या ८०० मधूनच गेलं. ज्या माणसाकडे गल्ली मदत मागायला येते, त्याला "तुम्ही आता बसून राहा" असं सांगणं सोपं नाही. मला तर ते बरोबरही वाटत नाही.

म्हणून प्रश्न असा आहे की गाडी चालू ठेवायची तर मदत कशी करायची?

माझा अनुभव सांगते. आबांच्या गाडीबद्दल मला जे फोन येतात, त्यातले खरोखर मिस्त्रीकडे न्यावे लागले असे फार थोडे. बाकी सगळे पाणी, हवा, बॅटरी आणि उंदीर! फोन साधारण असा असतो :

"माय, गाडी चालू व्हायना गं."

"आबा, किल्ली फिरवल्यावर आवाज काय येतो?"

"टक टक करायलीय नुसती. सेल्फ घेईना."

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. पुस्तकातलं 'स्टार्टर मोटर' आबांच्या तोंडी 'सेल्फ' असतं, 'मिसफायर' म्हणजे 'मिसिंग', आणि 'लॉस ऑफ पॉवर' म्हणजे 'गाडी ओढत नाही'. मदत करायची असेल तर पहिली पायरी हीच, की त्यांनी आपले शब्द शिकायचे नाहीत, आपण त्यांचे शिकायचे. पन्नास वर्षं गाड्यांचे आवाज ऐकलेल्या माणसाचं वर्णन बऱ्याचदा आपल्या व्हायव्हाच्या उत्तरापेक्षा नेमकं असतं. मी तीनच प्रश्न विचारते. आवाज काय येतो? सेल्फ मारताना लाइट मंद होते का? आणि शेवटची गाडी कधी काढली होती? या तीन उत्तरांत अर्धं निदान होतं.

आता वरची 'टक टक' घेऊ. आबांचा प्रश्न अगदी रास्त होता, "हेडलाइट तर लख्ख लागते, मग बॅटरी उतरली कशी?" इथे आपला सेकंड सेमचा ओहमचा नियम कामाला येतो. समजा बॅटरीच्या टर्मिनलवर तो पांढरा-हिरवट थर जमलाय आणि त्या जोडाचा रोध फक्त ०.०२ ओहम आहे. हेडलाइटचा एक बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो, म्हणजे जोडावर घट ०.१ व्होल्ट. डोळ्याला कळणारसुद्धा नाही. पण छोट्या गाडीचा सेल्फ १०० अँपिअरच्या घरात घेतो. तोच जोड, तोच रोध, आणि घट २ व्होल्ट! सेल्फ मारताना बॅटरी आधीच साडेदहाच्या आसपास आलेली असते, त्यातले दोन गेल्यावर सेल्फ फिरणार कसा? नुसता सोलेनॉइड टकटकत राहतो. हे गणित मी आबांना एका कागदावर मांडून दाखवलं. शिक्षक माणूस! दोनदा तपासलं आणि म्हणाले, "म्हणजे बाई, नळ मोठा आहे पण तोटीत खडा अडकलाय." यापेक्षा चांगली उपमा आमच्या कुठल्याही नोट्समध्ये नाही.

उपाय? दहा नंबरचा पाना, गरम पाणी, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश आणि शेवटी व्हॅसलीनचा हात. आधी निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह, आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट! सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. एकूण खर्च पंधरा-वीस रुपये. त्याच तक्रारीसाठी एका गॅरेजवाल्याने आबांना नवीन बॅटरी घ्यायला सांगितली होती, तीही जुनी मीटर लावून न बघताच. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर खरं तर अशा घरांत थर्मामीटरसारखा असायला हवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२ च्या खाली गेले तर उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले तर अल्टरनेटर ठीक. एवढे तीन आकडे आबांनी पेन्सिलने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेत.

बॅटरी खरंच उतरली तर? शहरात लोक ॲपवरून मेकॅनिक बोलावतात. गावात शेजारी ट्रॅक्टर असतो, आणि त्याची बॅटरीही १२ व्होल्टचीच असते. जंपर केबल डिकीत ठेवली की काम झालं. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगलीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी चांगलीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ठिणगी नको. मात्र हायवेवरचा एखादा ट्रकवाला भला माणूस "माझ्याकडून घ्या" म्हणाला तर हात जोडून नाही म्हणायचं, कारण ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते.

बाकीच्या तक्रारी तर त्याहून साध्या आहेत. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. ते रेडिएटरमध्ये घालत राहिलं की आत क्षार बसतात आणि गाडी तापायला लागते. तिथे कूलंट हवं आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, बास. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण मात्र कुणीही, कधीही उघडायचं नाही. ते झाकण आत साधारण ०.९ बार जादा दाब धरून ठेवतं आणि त्या दाबाला पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढताक्षणी दाब जातो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं.

म्हाताऱ्या माणसांची गाडी कमी चालते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र वाळून भेगाळलेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. '१४१९' म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. नक्षीसोबत हा आकडाही बघा. हँडब्रेक ओढून गाडी महिनाभर उभी ठेवली तर मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. घरच्या सपाट जागेत गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावलेला बरा. घरात धान्याची पोती असली की उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून आत बघायचं. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ही मजल देशाने २०२५ मध्ये गाठली. आमच्या पट्ट्यातला ऊस त्यासाठी उपयोगी पडतो हे खरं, पण २००८ ची गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. तेव्हा त्या नळ्या मिस्त्रीला दाखवून वेळेत बदलायच्या आणि टाकीत महिनोन्महिने तेच पेट्रोल पडून द्यायचं नाही. आणि सगळ्यावरचं एक औषध, आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवणं. बॅटरी, टायर, ब्रेक आणि आबा, चौघांनाही ते मानवतं!

आता माझ्या मताचा गाभा. वरचं सगळं काम मी सुट्टीत गेल्यावर एका दुपारी करून टाकू शकते. पण मी ते करत नाही. मी शेजारी उभी राहते आणि पाना आबांच्या हातात असतो. नट घट्ट असला की मी जोर लावते, वाकावं लागलं की मी वाकते, बारीक अक्षर मी वाचते. बाकी सगळं ते करतात. सेल्फ मारताना मीटरची एक टोकदार पिन बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी क्लॅम्पवर धरायची असते. तेव्हा आबा पिना धरतात आणि किल्ली मी फिरवते. अर्धा व्होल्टाच्या वर आकडा दिसला की तेच ओरडतात, "खडा आहे, खडा आहे!" याला वेळ दुप्पट लागतो. पण मी परत होस्टेलवर आल्यानंतर पुढच्या वेळी तेच काम त्यांना एकट्याने जमतं. करून टाकलेली मदत सुट्टीबरोबर संपते, शिकवलेली मदत गावात राहते.

शेजारचे एक काका सुरुवातीला म्हणाले होते, "पोरीला काय कळतंय गाडीतलं?" आबा म्हणाले, "तिला कळतंय, अन् मला दिसतंय. दोघांचं मिळून एक मिस्त्री होतंय." माझ्या इंजिनिअरिंगच्या तीन वर्षांत मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट!

पण इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता गोड होईल. काही बिघाड साधे नसतात. ब्रेक दाबल्यावर पेडल खाली जाणं, स्टिअरिंगमध्ये खेळ येणं, पेट्रोलचा वास येणं, यांतलं काहीही असलं तर फोनवरून इलाज सांगायचा नाही. गाडी जागेवर उभी आणि मिस्त्री घरी. आणि काही बिघाड गाडीत नसतातच. डोळे, कान, मान वळणं, पाय वेळेवर पेडलवर जाणं, यांना आपल्या पान्याचा उपयोग नाही.

जपानसारख्या देशात हा प्रश्न आपल्या आधी आला. तिथे ७५ वर्षांवरच्या चालकांना लायसन नूतनीकरणासाठी स्मरणशक्तीची आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका गृहस्थांची गाडी सुसाट गेली आणि एक आई व तिची लहान मुलगी ठार झाली. त्या वर्षी तिथे सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून लायसन परत केलं. आपल्याकडे पंचावन्न वर्षांनंतर लायसन पाच-पाच वर्षांसाठी मिळतं आणि सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पण ते प्रमाणपत्र कित्येकदा कसं मिळतं, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून ही तपासणी घरानेच मनावर घेतली पाहिजे.

आमच्या घरात ती आबांनीच ठरवली. दर सहा महिन्यांनी डोळ्यांचा डॉक्टर. अंधार पडल्यावर किल्ली खुंटीवर. हायवेवर जायचं तर सोबत कुणीतरी असलं पाहिजे. आणि एक अट त्यांनी माझ्यावर घातली, "ज्या दिवशी शेजारी बसून तुला भीती वाटंल, त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. मागून कुजबुजायचं नाही." मी हो म्हटलंय. तो दिवस येईल हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. पण बॉनेटखाली सोबत हात काळे केलेल्या नातीचं ते ऐकतील. फक्त फोनवरून "विकून टाका" म्हणणाऱ्याचं कोण ऐकतो? माझ्या मते साध्या बिघाडांत दिलेली साथ इथे कामी येते. एक दिवस जे अवघड वाक्य बोलावं लागणार आहे, त्याचा अधिकार त्या साध्या दुपारींतून मिळतो.

शेवटी एक सूचना, विद्यार्थ्यांना आणि सरांनाही. आपल्या वर्कशॉपमध्ये आपण फायलिंग करून करून हाताला फोड आणतो. इंजिन कापून ठेवलेलं मॉडेल बघतो, पी-व्ही डायग्राम काढतो. मग प्रत्येक सेमिस्टरला एक शनिवार असा का ठेवू नये, की स्टाफ क्वार्टर्समधल्या आणि कॉलेजच्या आसपास राहणाऱ्या ज्येष्ठांनी आपापल्या गाड्या घेऊन यावं? आपण टर्मिनल, हवा, कूलंट, वायपर, लाइट एवढंच तपासायचं, ब्रेक आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गाडीच्या मालकाला शेजारी उभं करून, त्याच्या हातून. लॅब असिस्टंट काकांना यातलं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, त्यांनी पुढाकार घ्यावा ही विनंती. सबमिशनचे मार्क नाही मिळाले तरी चालतील.

आणि होस्टेलवाल्यांनो, दिवाळीत घरी जाताना बॅगेत एक दहा नंबरचा पाना आणि मल्टिमीटर टाका. डिकीत जंपर केबल, टॉर्च आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघा. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मिस्त्रीचा, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा, हायवेच्या मदतीचा १०३३ आणि तातडीचा ११२ असे नंबर लिहून काचेखाली ठेवा. मग बॉनेट उघडा, एक पाऊल मागे सरका आणि म्हणा, "आबा, तुम्ही करा. मी आहे इथे."